रानाचं अजीर्ण

अंबाबाईशी वाद घालायचा असेल तर आधी जेवून घ्यावं, असं खैरडोहात म्हणत. कारण वाद एकदा सुरू झाला की तो कधी संपेल याचा नेम नसे, आणि मध्येच उठून गेलेल्याच्या मागोमाग ती थेट त्याच्या अंगणापर्यंत जाई. सौंसरपासून दोन कोसांवर सागाची एक टेकडी आहे, तिच्या पायथ्याचं हे पन्नास घरांचं गाव. गावात कापूस पेरणारे होते, संत्र्याचे बगिचे राखणारे होते. अंबाबाईचा धंदा मात्र दुसऱ्या कुणाचाच नव्हता. ती माती विकायची.

माती विकते म्हटलं की नवखा माणूस हसायचा, आणि तिथेच त्याचं चुकायचं. ही शेतातली माती नव्हे. सागाचं पान गळून पडलं की पहिलं वर्ष तसंच राहतं. दुसऱ्या वर्षी त्याची नुसती शिरांची जाळी उरते. तिसऱ्या वर्षी भुगा होतो, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी त्या भुग्याची मऊ, काळीभोर माती होते. मुठीत दाबली तर तिचा लाडू वळतो आणि बोट लावलं की लाडू फुटतो. अंबाबाई तिला रानमाती म्हणे. टेकडीवर तिची पाच ठाणी ठरलेली होती. एका वर्षी एकाच ठाण्यावर हात घालायचा, वरचा पाला बाजूला सारायचा, खालचा काळा थर वीतभर उचलायचा, आणि सारलेला पाला पुन्हा अंथरून जागा झाकून टाकायची. मग पाच वर्षं तिकडे फिरकायचं नाही. फावडं लावायचं नाही, झाडाची मुळं उघडी टाकायची नाहीत. हे तिला सासूने शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. गावाला आपल्या जंगलातून सरपण आणि पाला नेण्याचा निस्ताराचा हक्क असतो, त्यात हे बसत होतं. त्यामुळे जंगलखात्याचा नाकेदारही तिच्या वाटेला जात नसे.

ही माती जायची विनायकरावांच्या रोपवाटिकेत. विनायकराव आधी शाळेत मास्तर होते. मास्तरकी सोडून त्यांनी पांढुर्ण्याच्या रस्त्याला संत्र्याची कलमं करायला सुरुवात केली आणि त्यांचा हात बसला. संत्र्याचं कलम करायचं तर आधी जंबेरीचं रोप लागतं. जंबेरी म्हणजे आंबटढाण लिंबाची एक जात; तिच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा. पण जंबेरीची कोवळी रोपं भारी नाजूक. वाफ्यातली माती जराशी कच्ची निघाली की रोपं माना टाकतात. विनायकरावांची रोपं वीस वर्षांत कधी मेली नाहीत. पांढुर्णा स्टेशनवरून त्यांची कलमं आगगाडीने कुठकुठे जात, आणि एवढी तुकतुकीत रोपं होतात कशी असं कुणी विचारलं की ते एकच सांगत, "माती अंबाबाईची आहे."

या एका वाक्यावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. खायला-प्यायला घरी कमी नव्हतं. दोन एकर कापूस होता आणि नवरा कवडू हाताने चांगला होता. पण कवडूची बायको ही ओळख तिला पुरत नव्हती. आपल्या नावाची माती आहे, आणि ती शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडी आहे, याचा तिला गर्व होता. गर्व वाईट म्हणणाऱ्यांनी आधी तसं काही स्वतः करून दाखवावं.

मग एक्याऐंशी साली टेकडीच्या मागच्या अंगाला खताचा कारखाना आला. धुराडं उभं राहिलं, तारेचं कुंपण पडलं, मागे साहेबांचे बंगले झाले. कवडू तिथे दरवान म्हणून लागला. खाकी शर्ट, शिट्टी, टोपी. पहिल्या दिवशी तो शिट्टी वाजवतच घरी आला आणि अंबाबाईने ती काढून चुलीमागे ठेवून दिली.

सकाळी धुराड्यातून पिवळट पांढरी वाफ निघायची आणि वारा असेल तसा टेकडीवर लोळायची. त्या वाफेला वास यायचा तो बाळंतिणीच्या खोलीतल्या ओल्या दुपट्यांसारखा. डोळे चुरचुरायचे. पण दोन पावसाळे गेले आणि लोक खूश झाले, कारण टेकडी हिरवीगार झाली. सागाची पानं आणखी रुंद, आणखी काळपट झाली. खाली तरोट्याचं तण कमरेएवढं माजलं. गुरं तरोट्याला तोंड लावत नाहीत ही गोष्ट वेगळी, पण हिरवं दिसलं की माणसाला बरं वाटतं. सरपंच देवीदास तर येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकडी दाखवायचा.

"अवो, फुकटचा युरिया पडून राहिला आभाळातून," कवडू म्हणाला. "लोकं सोसायटीत रांगा लावतात, आपल्या रानाले घरपोच भेटून राहिला."

"फुकटचं खाऊन कोणाचं भलं झालं जी आजवर?" अंबाबाई म्हणाली. तेव्हा तिलाही काही ठाऊक नव्हतं. उलट उत्तर द्यायची सवय म्हणून ती बोलून गेली.

ठाऊक झालं ते पंच्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर. पाळीप्रमाणे ती कारखान्याच्या अंगाच्या ठाण्यावर गेली. पाच वर्षांपूर्वी तिने स्वतः अंथरलेला पाला तिथे होता. होता म्हणजे खरोखरच होता. वरचा थर सारला, खाली पानं. ती सारली, खाली पुन्हा पानं. कोपरापर्यंत हात गेला तरी हाताला पानच लागत होतं, चामड्यासारखं, तपकिरी, शिरान् शिर शाबूत. पाच वर्षांची पानं एकावर एक निजली होती आणि एकही कुजलं नव्हतं. सगळ्यात खाली बोटभर काळी माती होती, ती तिच्या सासूच्या काळातली. तिने ती जिभेला लावली. आंबट लागली.

ती तिथेच बसून राहिली. पाला उलटवला की खाली पांढरे दोरे दिसतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती बुरशी पानापानांत शिरलेली असते. पावसाळ्यात तिलाच टेकोडे फुटतात, म्हणजे अळंब्या, आणि त्यांची भाजी घरोघरी होते. तो दोरा कुठे दिसेना. टेकोड्यांचं काय, म्हणून ती आठवू लागली, तर तीन वर्षं गावात कुणी टेकोड्यांची भाजी खाल्लेली नव्हती. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बगिचे, कापूस, कारखान्यातली नोकरी, एवढ्या धबडग्यात अळंबी कुठे गेली हे कोण विचारतो.

शिकलेली माणसं आता सांगतात ते असं. रानातली ती बुरशी नत्राची भुकेली असते. पानातलं जे कठीण, लाकडासारखं, ते कुणालाच पचत नाही. ती भुकेपोटी ते फोडते, आत दडलेला नत्र काढून खाते, आणि तिच्या या उपद्व्यापात पानाची माती होते. वरून आयता नत्र पडू लागला की ती हे काम सोडते. मग पानं साचतात, माती आंबते, झाडं काही वर्षं माजतात आणि रानाचं पोट बंद होतं. अंबाबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने घरी येऊन एवढंच सांगितलं, "रानाले अजीर्ण झालं."

कवडू हसला. देवीदास हसला. त्या वर्षी सरकारी माणसं कारखाना पाहायला आली होती. भोपाळला वायूने माणसं मेली त्याला वर्ष झालं नव्हतं आणि वास येणाऱ्या प्रत्येक कारखान्याची सगळ्यांनी धास्ती घेतली होती. चावडीवर गाव जमलं. साहेबांनी विचारलं, कुणी मेलं का? नाही. कुणाला दम लागला? नाही. गुरं मेली? नाही.

अंबाबाई उठली. "साहेब, पानं सडून नाही राहिली."

साहेबाने सोबत्याकडे पाहिलं. "अच्छा है न बाई, पत्ते सड़ते नहीं."

सगळे हसले आणि त्या वहीत अंबाबाईचा शब्द चढला नाही. इथेच या देशाचं कसं चालतं ते कळतं. मेलेलं मोजता यायला हवं, आणि मेलेल्याला तोंड असायला हवं. मातीला तोंड नाही. तिच्या वतीने जिला तोंड होतं तिला त्यांनी हसण्यावारी नेलं.

त्या वर्षी दुसरं ठाणं खरवडून तिने विनायकरावांची गरज कशीबशी भागवली. शहाऐंशी साली मात्र पेच पडला. विनायकरावांना कलमांची मोठी मागणी आली होती, कधी नव्हती एवढी. ते स्वतः सायकलवरून खैरडोहात आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "अंबाबाई, यंदा दुप्पट माती लागेल. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना तिची बाजू घेऊन चालणार नाही. तिने त्या क्षणी म्हणायला हवं होतं की यंदा जमत नाही, रान बिघडलंय. पाच शब्दांचं काम होतं. पण भरवसा हा शब्द तिने ऐकला आणि बाई विरघळली. "पाठवते ना भाऊ," ती म्हणाली. "काहून नाही पाठवणार?"

पाचही ठाणी पालथी घातली. पाचांवर पानंच पानं. कन्हान नदीपलीकडच्या टेकडीवर काळी माती होती, वारा तिकडे जात नव्हता. पण ते रान दुसऱ्या गावाच्या निस्ताराचं, तिथून माती उचलणं म्हणजे चोरी. तेव्हा कवडू म्हणाला, "पाला सडत नसन त युरिया टाक ना त्याच्यावर. शेणखताच्या उकिरड्यावर टाकतात तसा. सडते भराभर." कारखान्यात पोती भरताना जमिनीवर सांडलेलं खत झाडून ठेवत, त्यातलं पोतंभर त्याने आणून दिलं.

उकिरड्यावर ते चालतं. तिथे शेण असतं, गवत असतं, उष्णता असते. पण सागाच्या पानाला जे कुजू देत नव्हतं तेच अंबाबाईने स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात कोंबलं. आगीत तेल ओतावं तसं. दीड महिना ढीग झाकून ठेवला, रोज पाणी मारलं. उघडला तेव्हा पानं काळी झाली होती, पण कुजली नव्हती. ती काळी पानं तिने काठीने बडवली, चाळली, बारीक केली, आणि ठाण्यांच्या तळाशी उरलेल्या काळ्या मातीत कालवून गाड्या भरल्या. दिसायला माती झकास दिसत होती. लाडूही वळत होता. फुटत मात्र नव्हता, आणि ते तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

संक्रांतीनंतर वाफ्यातली रोपं जळायला लागली. आधी पानांच्या कडा करपल्या, मग मुळं तांबूस झाली, मग वाफेच्या वाफे आडवे झाले. विनायकरावांनी निरोप धाडला. अंबाबाई गेली, वाफ्यांच्या कडेला उभी राहिली. विनायकराव ओणवे होऊन एक रोप उपटत होते. त्यांनी मूळ तिच्यासमोर धरलं.

"काही मिसळलं होतं का तुम्ही?"

"नाही," ती म्हणाली.

वीस वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली. त्यांनी ते ओळखलं. मातीत हात घालून त्यांनी काळ्या पानाचा एक तुकडा वर काढला, चोळला, वास घेतला आणि हात धुतले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, अंबाबाई. यापुढे माती पाठवू नका." ते मोठ्याने बोलले नाहीत. मोठ्याने बोलले असते तर तिला उत्तर देता आलं असतं.

बातमी सौंसरच्या बाजारात तिच्या आधी पोचली. अंबाबाईची माती म्हणजे भेसळ. बगिचेवाल्या बाया तिला पाहून पदर तोंडाला लावू लागल्या. आणि तिचा राग, जो आधीच काही थोडका नव्हता, तो आता दुधारी झाला. एक धार कारखान्याकडे आणि एक स्वतःकडे. स्वतःचं काय करायचं ते तिला सुचेना, म्हणून तिने कारखान्याचं मनावर घेतलं. रोज सकाळी टेकडीवरून पाच वर्षांचा न कुजलेला पाला टोपलीत भरायची आणि कारखान्याच्या फाटकासमोर ओतायची. फाटकावर दरवान कोण, तर कवडू. तोच तो पाला झाडायचा.

"अवो, माझी नोकरी जाईन ना," तो म्हणाला.

"जाऊ द्या. शिट्टी तेवढी ठेवा, घरी वाजवाले होईन."

आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी कारखान्याचे रसायनवाले साहेब टेकडीवर गेले आणि माती पिशवीत भरून घेऊन गेले. होळीच्या आधी चावडीवर बैठक बोलावली. गाव होतं, देवीदास होता, आसपासचे बगिचेवाले होते, आणि मागच्या रांगेत विनायकरावही येऊन बसले होते. साहेबांनी शिक्का मारलेला कागद वाचला. टेकडीची माती उत्तम. नत्र भरपूर. सेंद्रिय पदार्थ साध्या जंगलाच्या दुप्पट. म्हणजे कारखान्यामुळे जंगल बिघडलं नाही, श्रीमंत झालं. देवीदासने टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या मागे गावाने.

"हे कसं मोजलं जी?" अंबाबाईने विचारलं.

साहेब तरुण होते, समजावून सांगायची हौस होती. ते म्हणाले, माती भट्टीत जाळतात. जे जळून जातं ते सेंद्रिय, जे उरतं ते नुसती खनिज माती. तुमच्या टेकडीची माती निम्मी जळून गेली.

"पानं होती त जळतीनच. जळते ते चांगलं म्हणता? मंग माझं लुगडं बी जळते, ते वाफ्यात टाकू का?" कुणीतरी हसलं. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, ताट भरलं म्हणजे जेवण झालं नाही. कोठारात दाणे भरले आन् जातं मोडलं. तुमी दाणे मोजून राहिले. पीठ कोठी आहे?"

साहेब हसले. पुरावा काय, त्यांनी विचारलं. तुमच्याजवळ काही पुरावा आहे का?

पुरावा होता. एकच होता आणि तो तिच्या नावाच्या मुळावर होता. मागच्या रांगेकडे तिने पाहिलं आणि मग बोलली. "मी तुमच्या कारखान्याचं खत रानपाल्यावर टाकलं. पोतंभर. दीड महिना ठेवलं. पान सडलं नाही. ते मी बडवून मातीत मिसळलं आन् विनायकभाऊच्या वाफ्यात पाठवलं. त्यायची रोपं जळली ती माझ्या हातानं. मी त्यायले नाही म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. पण जे माझ्या ढिगात झालं तेच तुमच्या वाफेनं साऱ्या टेकडीत होऊन राहिलं. हा पुरावा."

एवढं खरं बोलायला छाती लागते. त्याचं फळ काय मिळालं ते ऐका. साहेब म्हणाले, "देखिए, बाई खुद मान रही है. मिलावट इसने की." आणि कागदाची घडी घातली. गावाला हायसं वाटलं. गुन्हेगार सापडला होता, तो आपल्यातलाच होता, आणि कारखाना देणार होता ते शाळेवरचं छप्पर वाचलं होतं. विनायकराव काही न बोलता उठून गेले. शिक्क्याचा कागद चावडीच्या भिंतीला खळीने चिकटवला. चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात, पण इथे चोराला शिरजोरही व्हावं लागलं नाही. गावानेच त्याला पाट मांडून दिला.

कवडूची नोकरी राहिली. उलट त्याला फाटकावरून बंगल्याकडे बदलून दिलं, जणू बायकोच्या कबुलीचं बक्षीस. तो घरात चोरट्यासारखा वावरू लागला. अंबाबाई त्याच्याशी भांडेना, आणि त्याला त्याचीच भीती वाटू लागली.

श्रावणात तो एक निरोप घेऊन आला. दाराशी उभं राहून, चपला न काढता त्याने सांगितला. बड्या साहेबांच्या बाईसाहेबांना बंगल्यामागे गुलाब आणि संत्र्याची झाडं लावायची आहेत. गाडीभर रानमाती हवी. माळ्याने अंबाबाईचं नाव सांगितलं.

"माझं?" ती म्हणाली. "भेसळवालीचं?"

कवडू घुटमळला. "आन् म्हणे, माती इकडली नको. कन्हानपलीकडच्या टेकडीवरून आणा. परवानगी साहेब काढून देतीन."

अंबाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "सांगा, आणते म्हणून."

दोन दिवसांनी ती गाडी घेऊन बंगल्यावर गेली. आवारात खड्डे खणून तयार होते. बडे साहेब सुट्टीच्या दिवसाचे, लेंगा-बनियनवर, चहा घेत व्हरांड्यात उभे होते. आणि खड्ड्यांशेजारी दुसरी एक गाडी होती, तिच्यातून विनायकराव स्वतः संत्र्याची कलमं उतरवून घेत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिला ते तिथे असतील हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ती आली असती.

तिने पहिली टोपली साहेबांच्या पायाशी पायरीवर उपडी केली. साहेब वाकले. त्यांनी चिमूट उचलली, चोळली, बोटांत राहिलेला पानाचा चिवट तुकडा पाहिला आणि चिमूट फेकून दिली.

"यह कहाँ की है?"

"तुमीच सांगा ना साहेब. तुमी जाणकार."

"यह तो फ़ैक्टरी के पीछे की है." त्यांचा आवाज चढला. "तुझे नदी पार की लाने को कहा था. इसमें कुछ नहीं लगता. दो बार लगवा चुके हैं, दोनों बार सब पौधे मर गए. माली ने बताया नहीं?"

आवारात सगळे थांबले. माळी, कवडू, गाडीवाला. विनायकराव हातात एक कलम धरून तसेच उभे राहिले.

"दोन वेळा मेले," अंबाबाई म्हणाली. "चावडीवरच्या कागदात त लय चांगली आहे. दुप्पट आहे."

"काग़ज़ की बात अलग है," साहेब म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांना कळलं की काय बोललो. ते कवडूवर ओरडले, ही घाण उचला म्हणून, आणि आत निघून गेले. दार लावलं.

विनायकरावांनी हातातलं कलम खाली ठेवलं. ते तिच्याजवळ आले. "अंबाबाई, माझं चुकलं. चावडीवर मी बोलायला हवं होतं. तुम्ही खरं सांगत होता हे मला तेव्हाच कळलं होतं. दसऱ्याला माती पाठवा. नदीपलीकडच्या टेकडीची परवानगी मी काढून देतो. लोकांना मी सांगेन, माती अंबाबाईची आहे."

हेच ऐकायला ती सात महिने थांबली होती. या तीन शब्दांसाठी ती चूक करून बसली होती आणि या तीन शब्दांवर तिने चावडीत पाणी सोडलं होतं. ते आता परत मिळत होते आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नाव वापस देऊन राहिले भाऊ, घेते मी. माझंच आहे ते. पण तिकडली माती मी काहून आणू? तिथल्या बायायच्या हक्काचं रान ते. आन् ते खरवडून झालं का मंग कोणतं? वारा फिरला का त्याचं बी पोट बंद. मंग? तुमच्या चार वाफ्यांत रोपं मेली त तुमी मले एका दिवसात बंद केलं. चांगलं केलं, माझी चूक होती. यायनं साऱ्या टेकडीची माती मारली आन् आता स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. यायले कोण बंद करते? तुमचं एक कलम त बंद करा."

बाईसाहेब खिडकीतून पाहत होत्या. बंगला मोठा होता, कारखान्याच्या पुढच्या आवारातही झाडं लागायची होती, आणि ते काम कुणाला मिळणार हे अजून ठरायचं होतं. गाडीत अकरा कलमं उरली होती. विनायकरावांनी आपल्या गड्याकडे न पाहता हाताने खूण केली, आणि गडी कलमं उतरवू लागला.

अंबाबाईने ते शेवटच्या कलमापर्यंत पाहिलं. मग आपल्या गाडीतून एकेक टोपली उचलली आणि सगळ्या खड्ड्यांच्या काठावर ती माती ओतली, माळ्याला हात लावू न देता.

"लावा मंग," ती म्हणाली. "माती मी आणलीच आहे."